पाण्याचा बोळ

पुतणीच्या पत्राचं उत्तर राहिलं होतं. पत्र आलं हिवाळ्यात. आता पावसाळा निम्मा सरला तरी ते दादाच्या नोंदवहीत घडी घालून तसंच पडून होतं. दादा लिहायला बसलाच नाही असं नाही. चार वेळा बसला. पहिल्या वेळी मायन्यापर्यंत पोचला, दुसऱ्या वेळी हवापाण्यापर्यंत, तिसऱ्या वेळी तिच्या सर्दीची चौकशी करून झाली. चौथ्या वेळी मुद्द्याच्या ओळीवर पेन टेकवलं, तर शाई संपली आहे असं त्याला वाटलं. शाई भरपूर होती.

पुतणी दूरच्या शहरात मोजणी खात्यात होती. फोनवर दादा कधी येत नसे. आलाच तर "बरी आहेस ना" एवढं म्हणून फोन तिच्या आईच्या हातात द्यायचा. म्हणून तिने पत्र घातलं होतं. गावच्या ओढ्याचं काम तिच्या टेबलावर आलं होतं. "मोठेकाका," तिने लिहिलं होतं, "ओढ्याचं जादा पाणी पूर्वी घरांच्या मधून किनाऱ्याकडे जायचं, त्याला पाण्याचा बोळ म्हणायचे, एवढं मला आठवतं. आमच्या नकाशात तो नाही. तुमच्या वह्यांत असेल, नाहीतर तुमच्या डोक्यात असेल. कागदावर एक रेघ मारून पाठवा. बाबांना विचारलं, ते म्हणाले दादाला विचार."

रेघ मारायला पट्टीसुद्धा लागली नसती. बोळ कुठून जातो हे दादाला पक्कं ठाऊक होतं. पत्र वाचताना तो ज्या खुर्चीत बसला होता, तिच्या चार पायांखालून तो जात होता.

घरात तो दादा. गावात त्याला ओहोटी म्हणत. धक्क्यावरच्या कचेरीत एकतीस वर्षं त्याने भरती-ओहोटीच्या वेळा आणि पावसाचं माप लिहिलं, हे त्या नावाचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं, की समोरून माणूस आला की हा दोन पावलं मागे सरायचा. त्याचं लग्न राहिलं तेही त्याच पायी, असं बायका म्हणत. बोलणी करायला माणसं आली, तेव्हा हा कसलंसं पुस्तक आणायला आत गेला, तो माणसं उठून जाईपर्यंत बाहेर आलाच नाही.

निवृत्त झाल्यावर तो धाकट्या भावाकडे राहायला आला. धाकटा गवंडी. गल्लीतल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या, आणि कुणाच्याही ओट्यावर बसला तरी बोलता बोलता तळव्याने भिंत चाचपून बघायची त्याला सवय. दादाची पुस्तकं पलंगाखाली ओल धरताना बघून त्याचा जीव तळमळायचा. स्वतः त्याने चौथीनंतर पुस्तक उघडलं नव्हतं, पण चांगल्या वस्तूला जागा नाही हे त्याला सहन होत नसे. घराच्या अंगाला मोकळी पट्टी होती. तिच्यात त्याने अकरा रविवार खपून दादाला एक खोली बांधून दिली. दगडी भिंती, तीन बाजूंना फळ्या, समुद्राकडे खिडकी.

ती मोकळी पट्टी म्हणजेच पाण्याचा बोळ.

ओढा डोंगरावरून उतरतो आणि गावाच्या कडेने खाडीला मिळतो. तिथे बांध आहे, आणि बांधाला बिजागरीवर लोंबणारं लाकडी दार. भरती आली की समुद्र ते दार स्वतःच लोटून लावून घेतो, त्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की ओढा ते आतून ढकलून उघडतो. माणसाने करायचं एवढंच, की उंबऱ्यावर बसलेला गाळ काढत राहायचा. पण दार लागलेलं आणि डोंगरावर मुसळधार, असं एका वेळी झालं तर ओढ्याने जायचं कुठे? आधी पाणी पाणथळीत पसरायचं. तिथे मावेनासं झालं की या पट्टीतून थेट किनाऱ्यावर उतरायचं. जुन्या माणसांनी त्यासाठीच ती सोडली होती. वर्षातले तीनशे साठ दिवस ती कोरडी असे. मग ओळीने सतरा वर्षं कोरडी राहिली, आणि जागा कोरडी राहिली की माणसाला ती फुकट गेल्यासारखी वाटते.

पाया खणताना कमरेइतक्या खोलीवर गुळगुळीत गोटे लागले होते, मध्ये शिंपल्यांचा चुरा. वाहत्या पाण्याचा तळ. दादा काठावर चहाचे कप घेऊन उभा होता. त्याने गोटे पाहिले, कप खाली ठेवले, शब्द जिभेपर्यंत आला. तेवढ्यात धाकट्याने खड्ड्यातून वर बघून विचारलं, "खिडकी समुद्राकडे ठेवतो, चालेल ना? वाचताना वारा येईल तुला."

दादा म्हणाला, "ठेव."

त्याला आता सहा वर्षं झाली होती.

अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. पाऊस पहाटेपासून लागलेला. अंगणातल्या खांबावर दादाने पाऊस मोजायची बाटली बसवली होती; कचेरी सुटली तरी ही सवय सुटली नव्हती. दहा वाजता बाटली काठोकाठ भरली. त्याने वाचून रिकामी केली. अकराला पाहतो तर पुन्हा भरलेली. एवढं माप एकतीस वर्षांत त्याने दोनदाच लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा बोळ वाहिला होता. आज भरती होती एक पन्नासची, आणि मोठी.

भावजय पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. शाळेचे ऐंशी गणवेश शिवायचे होते. खाकी कापडाचा ढीग एका बाजूला, झालेल्या चड्ड्या दुसऱ्या बाजूला. दादा दारात येऊन उभा राहिला. भावजयीशी तो सरळ कधी बोलत नसे. जे सांगायचं ते चुलीला, नाहीतर भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचा.

"भरती एक पन्नासची आहे," तो घड्याळाला म्हणाला.

"बरं."

"पाऊस फार झालाय."

मशीन थांबलं. "भाऊजी, काय ते मला सांगा. घड्याळाला काय कळतंय?"

"खाडीचं दार लागलं असेल एव्हाना."

"मग?"

मग काय ते त्याला माहीत होतं. ते सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागणार होतं. "काही नाही," तो म्हणाला. "थांबेलही." आणि आपल्या खोलीत जाऊन त्याने माप वहीत लिहिलं. त्या वहीत त्याचं पेन कधी अडत नसे.

साडेबाराला न्हाणीच्या मोरीतून पाणी घरात आलं. ज्या वाटेने जायचं त्या वाटेने ते उलटं येत होतं, लाल, दाट, त्यात झाडाची मुळं आणि कुणाचीतरी एक चप्पल. भावजयीने गणवेशांचा गठ्ठा माळ्यावर फेकला, मशीन एकटीने उचलून पलंगावर ठेवलं. एवढं बळ कुठून आलं कुणास ठाऊक; नंतर दोन दिवस तिची कंबर धरून राहिली.

तेवढ्यात धाकटा कामावरून आला, मांडीभर पाण्यातून पाय ओढत. अंगावरचा सदरा लाल झालेला. डोंगराची साल निघालीय, असं तो म्हणाला. वरच्या उतारावर झाडं काढून जागा सपाट केली होती, ती मातीच ओढ्यातून खाली येत होती. पाणथळ तर दोन वर्षांपूर्वीच त्या मातीने भरून वाण्याने तिथे गाड्या लावायला जागा केली होती. ओढ्याने काठ सोडला होता आणि गल्लीच्या वरच्या टोकाने पाणी आत येत होतं. येत होतं, पण कुठून बाहेर पडत नव्हतं.

"सुईणआजी!" भावजय एकदम म्हणाली.

सुईणआजीचं घर दादाच्या खोलीला लागून ओढ्याकडच्या वरच्या अंगाला, पण गल्लीत सगळ्यांत सखल. अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी, गुडघे गेलेले, घरात एकटी. तिघं पाणी कापत तिथे पोचली तर दार बाहेर उघडणारं आणि बाहेरून पाण्याने दाबून धरलेलं. धाकट्याने कडी धरून ओढलं, चौकटीला पाय लावून ओढलं. दार हललं नाही. खिडकीला गज. भावजयीने गजांना तोंड लावून हाक मारली.

"आहे, आहे," आतून आवाज आला. "खाट बुडाली. पेटीवर बसलेय. पेटी तरंगायला लागली की गावात चक्कर मारून येते."

"आजी, वरून कौलं काढून तुम्हाला उचलतो," धाकटा म्हणाला.

"मला उचलायला चार जण लागतील. आणि ते एवढ्यात नको."

धाकटा हसला, पण कौलांकडे बघताना त्याचा चेहरा उतरला. छप्पर कुजकं होतं. माणूस वर चढला तर सगळंच म्हातारीच्या अंगावर आलं असतं. दादा खिडकीच्या चौकटीकडे बघत होता. ते आले तेव्हा पाणी चौकटीच्या खाली एक वीत होतं. आता चार बोटं. हे गणित त्याला बोटांवर मोजायच्या आत आलं. खाडीचं दार चारच्या आधी उघडणार नाही. पेटीवर बसलेल्या म्हातारीच्या गळ्याशी पाणी दीडला येईल.

"भिंत काढावी लागेल," तो म्हणाला.

पावसात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. जन्मभर असंच व्हायचं, आणि एकदा ऐकू गेलं नाही की दादा आपलं बोलणं गिळून टाकायचा. त्याने धाकट्याचा दंड धरला. स्वतःहून कुणाला असं धरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"भिंत फोड. खोलीची. पाणी तिथे अडलंय."

"कुठल्या खोलीची?"

"माझ्या."

"तिथून कशाला पाणी..." धाकटा म्हणाला, आणि तिथेच थांबला. त्याने खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. एका बाजूला तिच्या मध्यापर्यंत पाणी चढलं होतं. दुसरी बाजू, समुद्राकडची, नुसत्या पावसाने ओली होती.

"बोळ आहे तो," दादा म्हणाला. "पहिल्यापासून."

धाकट्याने एकच विचारलं, "पुस्तकं?"

"फोड."

भिंत बांधायला शिकलेल्या माणसाला ती पाडायचीही रीत असते. आधी बाहेर जायची वाट करायची, मग आत यायची. नाहीतर आत शिरलेलं पाणी घरच उचलतं. धाकटा घण-पहार घेऊन समुद्राकडच्या भिंतीला लागला, खिडकीखालून. भावजय खोलीत शिरली. आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, त्यांच्याजवळ छपरात बसलेली माणसं, त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. उरला होता दादाच.

होडीवाले आपल्या छपरात पत्ते कुटत होते. एकाने त्याला पाहिलं. "ओहोटी आली रे," तो म्हणाला, "तीही भर भरतीला." सगळे हसले. एरवी दादा इथूनच मागे फिरला असता. आताही त्याचा पाय अर्धा फिरला.

"बोळ सुटतोय," तो ओरडला. "होड्या बाजूला घ्या. उठा."

आवाज चिरकला. पण तो कुणी यापूर्वी ऐकलाच नव्हता, त्यामुळे छपरात सामसूम झाली. पोरांना बोळ म्हणजे काय ते कळलं नाही. कोपऱ्यातला म्हातारा तांडेल, होडीवाल्यांचा म्होरक्या, मात्र हातातले पत्ते टाकून उठलाच होता. "बघताय काय," तो म्हणाला, "धरा कड." पाऊण घटकेत सहा होड्या वाळूच्या टेकाडामागे गेल्या.

दादा परतला तेव्हा समुद्राकडच्या भिंतीला दारासारखं भगदाड पडलं होतं. भावजय पुस्तकं उराशी धरून अंगणातल्या पायऱ्यांवर टाकत होती, पाऊस त्यांच्यावर पडत होता. वह्या मात्र तिने आधी काढल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, खाकी कापडात बांधून माळ्यावर. बाकीच्या फळ्यांवर अजून निम्मी पुस्तकं होती. "पुरे," दादा म्हणाला, सरळ तिला, "बाहेर या तुम्ही." ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि बाहेर आली.

वरच्या अंगाची भिंत ही खरी. धाकटा छातीभर पाण्यात एका बाजूला, घराच्या कोपऱ्याला अंग चिकटवून उभा राहिला आणि खालच्या थरातला दगड पहारीने हलवायला लागला. दगड हलेना. सांधे असे पक्के, की पहारीचं टोक आत जाईना.

"कुणी बांधलीय ही," तो दात-ओठ खात म्हणाला, "त्याचे हात मोडून ठेवले पाहिजेत."

"खालून तिसरा बघ," दादा पलीकडून म्हणाला. "फळीमागे. तिथे दरवर्षी ओल यायची."

"मला कधी बोलला नाहीस ते?"

धाकट्याने खालून तिसऱ्या दगडाला पहार लावली. पहिल्यांदा पाण्याची एक बारीक धार आत गेली, मग दगड स्वतःहून आत सरकला, जसा कुणी पलीकडून ओढून घ्यावा. धाकट्याने अंग मागे टाकलं. भिंत मध्येच फुगली, आणि बसली.

आवाज फार झाला नाही. लाल पाण्याचा एक जाड पट्टा खोलीच्या आरपार गेला. फळ्या, खुर्ची, उरलेली पुस्तकं त्याच्यावर बसून भगदाडातून किनाऱ्याकडे निघाली. वाळूत पाण्याने आपला जुना चर शोधून काढला, जणू कालच इथून गेलं होतं. दादा अंगणातल्या पायरीवर बसला होता. त्याला आपली पुस्तकं जाताना दिसत होती, काहींची पाठ वाचताही येत होती. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण कित्येक वर्षं दाबून धरलेला श्वास सोडावा तसं काहीतरी त्याच्या छातीतून सुटलं, आणि त्याला हसू आलं की रडू हे पावसामुळे कुणाला कळलं नाही.

वीस मिनिटांत सुईणआजीच्या खिडकीची चौकट वर आली. पाऊण तासाने दार उघडलं. म्हातारी पेटीवर पाय वर घेऊन बसली होती, ओठ निळे पडलेले, जीभ शाबूत. धाकट्याने तिला पाठुंगळी घेतलं. भावजयीने तिला आपलं कोरडं लुगडं नेसवून वर गणवेशाचं खाकी कापड गुंडाळलं. चहा पोटात गेल्यावर तिला हकीकत कळली. तिने दादाला समोर बोलावलं.

"तू जन्मलास तेव्हा माझ्या सासूने तुला काढला, मी दिवा धरला होता," ती म्हणाली. "पायाळू. आधी पाय बाहेर आले आणि तोंड शेवटी. त्यानंतर तुझं तोंड उघडायला पासष्ट वर्षं लागली. पण आलास बाबा बाहेर."

भावजय तोंडाला पदर लावून हसली. धाकटाही हसला. दादा दोन पावलं मागे सरला, पण भिंत होती.

गल्लीत कुणाचा जीव गेला नाही. तीन शेळ्या गेल्या, वाण्याच्या गोदामातली साखर गेली, सगळ्यांच्या भिंतींवर कमरेइतकी लाल रेघ राहिली. मग सुरू झालं चिखल उपसणं. पाणी तासाभरात येतं आणि तासाभरात जातं. चिखल आठ दिवस राहतो. घमेली, फावडी, खराटे. भांड्यांत चिखल, उशांत चिखल, मशीनच्या दात्यांत चिखल. भावजयीने मशीन सुटं करून पुर्जा न पुर्जा रॉकेलने पुसला आणि पाचव्या दिवशी ते पुन्हा चालू झालं तेव्हा ते ऐकायला शेजारच्या दोघीजणी कामं टाकून आल्या.

वाणी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की गवंड्याने बोळात खोली बांधली म्हणून गाव बुडालं. धाकटा ऐकून खाली मान घालायचा आणि फावडं मारायचा. एके दिवशी घमेलं भरून देताना दादाने ते ऐकलं. त्या दिवशी दोघं भाऊ खोलीच्या जागी गाळ काढत होते. भिंतीचे खालचे थर तेवढे उरले होते. फावडं खणखणलं. गुळगुळीत गोटे.

दादा फावडं टेकून उभा राहिला. हे बोलायचं म्हणून तो चार रात्री नीट झोपला नव्हता.

"पाया खणला तेव्हा हे लागले होते," तो म्हणाला. "मी पाहिले होते. मला माहीत होतं."

धाकटा गोटा हातात घेऊन त्याच्यावरचा चिखल अंगठ्याने पुसत होता.

"मीही पाहिले होते," तो म्हणाला. "एवढे गोटे पाण्याशिवाय कुठून येणार, एवढं मलाही कळतं. पण म्हटलं, दादा वर उभा आहे, एकतीस वर्षं त्याने पाणीच मोजलंय. काही असतं तर बोलला असता."

दादा चिखलातच बसला.

"तू माझ्यासाठी बांधत होतास," तो म्हणाला. "खिडकी समुद्राकडे ठेवू का म्हणून विचारलंस."

"मग?"

"नाही म्हणायचं जमलं नाही."

धाकट्याने गोटा बाजूच्या ढिगावर टाकला. "वा रे शहाणे," तो म्हणाला. "दोघंही." मग त्याने हात पुढे केला आणि दादाला उठवला. "ऊठ. इथे बसलास तर तुलाही घमेल्यात भरीन."

संध्याकाळी धाकटा स्वतः वाण्याच्या दुकानी गेला. दादा त्याच्या मागे, दोन पावलं अंतर राखून. खोली पुन्हा बांधणार नाही, धाकट्याने सांगितलं. तिच्या दगडांनी बोळाच्या दोन्ही कडा बांधून काढतो, पावसाळ्याआधी दरवर्षी मीच साफ करीन. आता पाणथळीतला भराव तुम्ही काढा. वाणी म्हणाला, तो भराव आहे म्हणून गाड्या थांबतात, गिऱ्हाईक येतं. मागून दादा म्हणाला, "तुमची साखर वाचली असती." त्याने एवढंच म्हटलं, आणि त्याही वाक्याने त्याचे कान लाल झाले. वाण्याने तेव्हा काही कबूल केलं नाही. मात्र चार दिवसांनी भरावाचा ओढ्याकडचा निम्मा भाग त्याने उचलायला लावला. उरलेला निम्मा अजून आहे.

खाडीच्या दाराचा गाळ काढायला गल्लीतली नऊ माणसं गेली. ओहोटीची वेळ दादाने काढून दिली. उंबऱ्यावर गुडघाभर गाळ बसला होता. दार ओहोटीलाही वीतभरच उघडत होतं. आठ वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. तांडेलाने बिजागरीला तेल घातलं. मग सगळे बांधावर बसून राहिले, भरती येऊन दार आपोआप लागताना बघायला. ते सावकाश फिरलं आणि घट्ट लागलं, तेव्हा एकाने टाळी वाजवली.

पुस्तकांपैकी तीन टोपल्या वाचल्या. दोरीवर वाळत घातली होती. गल्लीतून जाणारा-येणारा एखादं उलगडून बघायचा, आणि दोघं-तिघं तर उभ्याउभ्याच वाचू लागले. आता ती भावजयीच्या मशीनमागे असतात.

वह्या परत देताना भावजयीने त्यांतली एक वर ठेवली होती. "ह्यात एक कागद होता," ती म्हणाली. "ओला झाला नाही." मग मशीनच्या चाकाकडे बघत तिने पुढचं सांगितलं. "पोरीने मला दोनदा विचारलं होतं फोनवर, काका रागावलेत का म्हणून. मी म्हटलं, ते रागवायचं म्हटलं तरी आधी घड्याळाला विचारतील."

"तुम्ही वाचलंत?" दादा म्हणाला.

"हिवाळ्यातच. खोली झाडताना."

त्या दुपारी तो पुढच्या खोलीत, तिच्याच मशीनच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला बसला. मायना झाला. हवापाणी त्याने गाळलं. त्याने लिहिलं: "पाण्याचा बोळ आपल्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून जातो. माझी खोली त्यात होती. ती बांधताना मला हे ठाऊक होतं, म्हणून तुला उत्तर दिलं नाही. खोली आता नाही. सोबत रेघ मारून पाठवतो. पाणथळ निम्मी मोकळी झाली आहे, उरलेली तुझ्या खात्याचा कागद आल्याशिवाय होणार नाही. खाडीच्या दाराचा उंबरा दर महिन्याला साफ करायला हवा, तो आम्ही करू. डोंगरावरची माती धरून ठेवायला काय करतात ते मला माहीत नाही, ते तू कळव. तुझ्या बाबांनी ही भिंत एकट्याने पाडली, आणि ती त्यांनी फार चांगली बांधली होती, हेही नकाशात कुठे लिहिता आलं तर लिही." मग त्याने वहीतल्या मोकळ्या पानावर ओढा काढला, घरं काढली, आणि पट्टी न घेता एक रेघ मारली.

टपालपेटी चौकात होती. तो पेटीपर्यंत गेला, लखोटा अर्धा आत घातला आणि थांबला. 'फार' हा शब्द जरा जास्तच झालाय असं त्याला वाटलं. पत्र परत काढून बघावं का, असा विचार करत तो तसाच उभा राहिला, तेवढ्यात टपालवाली सायकलवरून उतरली. पेटी उघडायची तिची वेळ झाली होती.

"आत टाकताय की बाहेर काढताय?" तिने विचारलं.

दादाने लखोट्याकडे पाहिलं. "घ्या," तो म्हणाला आणि तिच्या हातात दिला.

तिने तिकिटाची जागा बघितली, लखोटा थैलीत टाकला, पेटीतली बाकीची पत्रं त्यावर ओतली, आणि सायकल हाताने धरून बोळाकडे वळली. पूर्वी तिला किनाऱ्यावर जायला वाण्याच्या दुकानावरून वळसा पडायचा. आता ती दादाच्या खोलीच्या जागेतून, गोट्यांवर सायकल धडधडवत, सरळ समुद्राकडे गेली.